डबल सर्किट मास्टर सिलिंडर बसवूनही जुन्या जीपचा ब्रेक रुसलाय? दुसरा सिलिंडर आणण्याआधी हे बघा

जुन्या जीपचा एका सर्किटचा मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोरानं ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलतो तो) काढून त्या जागी दोन सर्किटचा, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळं ऑइल देणारा, बसवायचं काम माझ्या स्वतःच्या गाडीवर तीनदा झालं. तीनदा, कारण पहिल्या दोन वेळा चुकलं. त्यानंतर मित्रांच्या, मित्रांच्या पाहुण्यांच्या, आणि एकदा तर वरातीला सजवलेल्या जीपखाली आडवं होऊन मी हेच दुखणं काढलंय. गॅरेजमध्ये या सिलिंडरला टीएमसी म्हणतात, म्हणजे टँडम मास्टर सिलिंडर. कोल्हापूरकराला टीएमसी म्हटलं की आधी राधानगरी धरणातलं पाणी आठवतं. इथे मामला वाटीभर ब्रेक ऑइलचा आहे.

दरवेळी मालक एकच वाक्य घेऊन येतो: "नवीन सिलिंडरच खराब निघाला, दुसरा आणू काय?" आजवर माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांपैकी एकाच गाडीत सिलिंडर खरोखर खराब होता. बाकी सगळीकडे दोष सिलिंडरच्या मागे होता किंवा पुढे. मागे म्हणजे पेडलच्या दांडीत, पुढे म्हणजे पाइपात.

मी जीपबद्दल लिहितोय, पण फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

लक्षणं

आधी तुमची गाडी नेमकं काय करते ते ठरवा. "ब्रेक बरोबर नाही" एवढ्यावर काहीच हाती लागत नाही.

पहिल्या दाबाला पेडल पायाखालच्या फळीला टेकायला येतं, पण दुसऱ्या-तिसऱ्या पंपिंगला वर येऊन घट्ट होतं.

कितीही पंपिंग करा, पायाखाली रबरी चेंडू असल्यासारखं लागतं.

पेडल दाबून धरलं की हळूहळू खाली सरकत जातं. हे दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला उभं राहिल्यावर कळतं, चालत्या गाडीत लक्षात येत नाही.

गाडी घरातून निघताना ठणठणीत, पण जाईल तशी जड होते. माझ्या गाडीचं गगनबावडा रस्त्यावर ठरलेलं वेळापत्रक होतं: फुलेवाडीपर्यंत काही नाही, बालिंग्याचा पूल ओलांडेपर्यंत तिसऱ्या गिअरला कण्हायला लागायची, कळ्याला पोचेपर्यंत पुढच्या चाकांना जळका वास. वीस मिनिटं थांबून चहा घेतला की आपोआप मोकळी.

एकच चाक धरून राहतं, गाडी एका बाजूला ओढते.

पेडल दगडासारखं कडक, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही.

आणि एक जे कुणीच सांगत नाही, कारण ते मागच्या गाडीवाल्याला दिसतं: ब्रेक लागतो, पण ब्रेक लाइट लागत नाही.

यातलं पेडल सरकण्याचं किंवा फळीला टेकण्याचं लक्षण असेल तर गाडी जिथे आहे तिथेच ठेवा. "हळू हळू नेतो गॅरेजपर्यंत" हा विचार सोडा. ऊस पट्ट्यात राहतो आपण. हंगामात वळणावर बिनलाइटची ट्रॉली कधी पुढे येईल सांगता येत नाही.

आत काय चाललेलं असतं

एवढं समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. एकाच नळीत एकामागे एक दोन पिस्टन असतात. पेडलची दांडी पहिल्याला ढकलते. पहिल्यापुढे जो दाब तयार होतो तो दुसऱ्याला ढकलतो. प्रत्येक पिस्टनपुढे स्वतःचं ऑइल, स्वतःची टाकी, स्वतःचा पाइप. एका बाजूचा पाइप फुटला तर ते दोन पिस्टन एकमेकांना किंवा नळीच्या टोकाला टेकतात आणि उरलेल्या बाजूला ब्रेक मिळतो. मात्र पेडल खूप खाली गेल्यावर मिळतो, हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

प्रत्येक टाकीच्या तळाला दोन भोकं असतात. मोठ्यातून पिस्टनमागे ऑइल भरतं. लहान असतं सुईच्या टोकाएवढं, त्याला मी परतीचं भोक म्हणतो. पेडल सोडल्यावर पिस्टनचा रबरी कप त्या भोकाच्या मागे जायला हवा, म्हणजे पाइपातलं ऑइल टाकीत परत येऊ शकतं. निम्मी दुखणी या एका भोकाशी येऊन थांबतात.

अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींना दोन सर्किट सक्तीची झाली. आपल्या जुन्या जीपला मात्र सगळी भिस्त एकाच सिलिंडरवर आणि एकाच पाइपावर. म्हणून बदल करावा हे योग्यच आहे. अर्धवट करू नये, एवढंच.

फुकटातल्या तपासण्या

जमिनीवर वर्तमानपत्र. रात्री चारही चाकांखाली आणि सिलिंडरखाली एकेक पान पसरा, पेडल दहा वेळा जोरात दाबा आणि झोपा. सकाळी डाग कुठे आहे ते बघा. ब्रेक ऑइल पाण्यासारखं पातळ असतं, बोटाला बुळबुळीत लागतं आणि रंग खातं. दोन टाक्यांपैकी कुठली उतरली तेही बघा. दोन सर्किटचा हा मोठा फायदा आहे: पुढच्या चाकांची टाकी कमी झाली की मागची चाकं उघडायची गरज नाही. पातळी उतरतेय आणि कागद कोरडे आहेत असं झालं तर ड्रमच्या आत किंवा पेडलच्या दांडीवरच्या रबरी टोपणात बघा, तिथे ऑइल साठून राहतं.

टाकीचं झाकण. त्यात हवेसाठी बारीक छिद्र असतं. रंगकाम करताना ते बुजतं. मग ऑइल खाली उतरताना टाकीत पोकळी तयार होते आणि पेडल विचित्र वागतं. सुई घाला, काम झालं.

ऑइल कुठलं आहे? डॉट ३ किंवा डॉट ४, दोन्ही चालतात. डॉट ५ हे सिलिकॉनचं, ते या दोघांत मिसळत नाही, डॉट ५.१ मात्र मिसळतं, नावावरून फसू नका. आणि उघडा डबा पावसाळाभर फळीवर ठेवून दसऱ्याला वापरू नका. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३ चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी प्यायल्यावर तो १४० पर्यंत येऊ शकतो. करूळ घाट उतरताना ड्रम तापले की पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. खाली पोचल्यावर पेडल मऊ आणि गाडी थंड झाली की परत बरोबर, असं होत असेल तर आधी ऑइल बदला.

एका गाडीत मालकाच्या पुतण्यानं टाकी कमी दिसली म्हणून पॉवर स्टीअरिंगचं ऑइल ओतलं होतं. दोन दिवसांत झाकणाचं रबर भजीसारखं फुगलं. असं झालं असेल तर पुढचं काही वाचू नका. सिस्टिममधलं प्रत्येक रबर, होजसकट (चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळ्या), बदलायचं आहे. धुऊन भागत नाही.

पेडलची मोकळी चाल: इथे थांबा, घाई करू नका

माझ्या गाडीची पहिली चूक ही. जुना सिलिंडर काढून नवा बसवला, ब्रॅकेट थोडं पुढे-मागे झालं, आणि पेडलची दांडी पिस्टनला सतत टेकून राहिली. नजरेला काही दिसत नाही. पण पिस्टन पूर्ण मागे येत नाही, रबरी कप परतीच्या भोकावर बसून राहतो. ब्रेक वापरला की ऑइल तापतं, तापलं की फुगतं, आणि परत जायला वाट नाही म्हणून ते चाकांनाच दाबत राहतं. चाक घासतं, आणखी तापतं, आणखी दाबतं. गाडी थांबवली की थंड होऊन सुटते. कळ्याच्या चहाचं रहस्य हेच होतं.

मी सिलिंडर बदलायला निघालो होतो. उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली नुसतं डोकं घातलं आणि म्हणाले, "मालक, सिलिंडरला काय बी झाल्यालं न्हाई. दांडीला श्वास घ्यायला जागा न्हाई." दहा नंबरच्या पान्याचं काम होतं. मी तोवर दोन रविवार घालवले होते.

तपासायचं असं. इंजिन बंद, पेडल हातानं दाबा, पायानं नाही. पायाला एवढं बारीक कळत नाही. दांडी पिस्टनला टेकेपर्यंत पेडल हलकं जायला हवं. दांडी आणि पिस्टनमध्ये एक ते दोन मिलिमीटर जागा हवी. पेडलचं गुणोत्तर सहाला एक असेल तर ती पेडलच्या टोकाला सहा ते बारा मिलिमीटर दिसते. जीपला मी अर्ध्या इंचाच्या आसपास ठेवतो. शून्य असेल तर दांडीचा चेकनट सैल करून दांडी आखूड करा. फार जास्त असेल तर पेडल उगाच खाली जातं, तेव्हा लांब करा. पेडलची परतीची स्प्रिंग शाबूत आहे ना तेही बघा. स्प्रिंग ढिली असेल तर पेडलचं वजनच दांडीला पुढे ढकलतं.

मग खात्री करून घ्या. दोन्ही टाक्यांची झाकणं काढा, वर पारदर्शक प्लास्टिक धरा आणि कुणाला तरी पेडल अगदी हलकं, मोकळी चाल संपल्यावर जरासंच दाबायला सांगा. ऑइलमधून बारीक कारंजं किंवा निदान लाट उठायला हवी. ती परतीच्या भोकातून येते. उठली नाही तर भोक झाकलंय किंवा बुजलंय. तोंड टाकीवर नेऊ नका, डोळ्यात गेलं तर फार झोंबतं.

दांडीची दुसरी गोष्ट जिवाची आहे. बूस्टरसाठी (पेडलचा जोर वाढवणारा डबा) बनवलेल्या सिलिंडरच्या पिस्टनला मागे उथळ खळगा असतो. बिनबूस्टरच्या सिलिंडरला खोल भोक असतं, दांडी त्यात आत शिरून बसते. बाजारात स्वस्त मिळाला म्हणून उथळ खळग्याचा आणून जीपच्या लांब दांडीला लावला, तर खड्ड्यात पेडल उसळलं की दांडी खळग्यातून निसटू शकते. मग ब्रेक शून्य. एक सर्किट नाही, दोन्ही. पेडल हातानं वर ओढून बघा, दांडी बाहेर येत असेल तर ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही.

ड्रमचं अ‍ॅडजस्टमेंट

पेडल पहिल्यांदा खाली आणि पंपिंगला वर, आणि वर आल्यावर घट्ट (मऊ नाही), असं असेल तर हवा काढत बसू नका. लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवतात ते) ड्रमपासून लांब आहेत. पहिल्या दाबात सगळं ऑइल ते अंतर भरण्यात जातं. चाक उचला, फिरवत फिरवत अ‍ॅडजस्टर घट्ट करा, चाक अडलं की हलकेच घासेपर्यंत सैल करा. चारही चाकं. पंधरा मिनिटांचं काम, एक पैसा खर्च नाही, आणि यावर किती लोकांनी सिलिंडर बदललेत ते मोजायला नको. चाक उचलताना जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड लावा, बाकीच्या चाकांना ठोकळे. ड्रम उघडलाच तर आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरनं तर मुळीच नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

हवा काढणं

पेडल चेंडूसारखं लागतंय, पंपिंगनंही घट्ट होत नाही, तर आत हवा आहे. दोन सर्किटच्या सिलिंडरची हवा गाडीवर बसवून नीट निघत नाही, ती बाहेरच काढायची, यालाच बेंचवर ब्लीड करणं म्हणतात. सिलिंडरचा फ्लँज (ब्रॅकेटला बसणारी कड) शिकंज्यात धरा, नळीचा भाग धरू नका. दोन्ही आउटलेटला छोटे पाइप लावून त्यांची टोकं परत आपापल्या टाकीतल्या ऑइलमध्ये बुडवा. गुळगुळीत दांड्यानं पिस्टन सावकाश, थोडा थोडा दाबा आणि सोडा. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. पुढच्या पिस्टनची हवा चिवट असते, शेवटचे दोन बुडबुडे बराच वेळ घेतात.

गाडीवर सिलिंडर नाक वर करून बसला असेल तर त्या टोकाला हवेचा एक गोळा अडकतो, कितीही नळ्या लावा. नाक गाडीच्या पुढच्या दिशेला असेल तर मागची चाकं उचलून सिलिंडर सपाट करा, मग काढा.

क्रम: सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी. आपल्या उजव्या हाताच्या गाडीत मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. सिलिंडर बनवणाऱ्यानं वेगळा क्रम दिला असेल तर त्याचं ऐका. आतल्यानं पेडल दाबून धरायचं, बाहेरच्यानं चाकावरचा हवा काढायचा निप्पल सोडायचा, निप्पल बंद झाल्यावरच पेडल सोडायचं. "दाब", "धर", "सोड" हे तीन शब्द आधी ठरवून घ्या. मी आणि माझ्या भाच्यानं "हां" या एका शब्दावर सगळं काम केलं आणि तासभर आत हवा भरत बसलो.

जुना सिलिंडर असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोज न वापरलेल्या नळीच्या टोकाला गंज असतो, पेडल पूर्ण खाली मारलं की नव्या-जुन्या कपाची कड तिथे फाटते. हवा काढायला गेलं आणि सिलिंडर गेला, असं होतं ते यामुळे.

पुढे डिस्क टाकली असेल तर कॅलिपरचे (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) निप्पल वरच्या बाजूला आहेत ना बघा. डावा कॅलिपर उजवीकडे बसला की निप्पल खाली जातो. हवा वर, निप्पल खाली. जन्मभर काढत बसा. हे मी दोन गाड्यांत बघितलंय आणि दोन्ही वेळा मालकानं तीन-तीन डबे ऑइल संपवलं होतं.

सिलिंडर खरंच दोषी आहे का

पेडल एकसारख्या जोरानं अर्धा मिनिट दाबून धरा. बाहेर कुठे गळती नाही, तरी खाली सरकतं? मग कपाला ओलांडून ऑइल मागे जातंय. पण त्यावरही लगेच निकाल देऊ नका. दोन्ही आउटलेटचे पाइप काढून तिथे त्याच आट्याचे बंद प्लग लावा. उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडे असा प्लग करून मिळतो, फक्त पाइपाचा नट नमुन्याला न्या आणि प्लगचं तोंड सिलिंडरमधल्या बैठकीला जुळेल असं सांगा. आता पेडल दाबा. दगडासारखं लागलं आणि हललं नाही, तर सिलिंडर निर्दोष, पुढचं सगळं संशयित. सरकलं, तर सिलिंडर दोषी. ज्या एका गाडीत सिलिंडर खराब होता तो मला असाच सापडला.

यानंतर एकेका बाजूचा प्लग काढून पाइप जोडा. कुठला जोडल्यावर पेडल मऊ होतं ते दिसलं की अर्धी गाडी तपासायची वाचली.

पाइपकाम

माझी दुसरी चूक इथली. जुन्या एका पाइपाचे दोन करताना पुढचा टी-जॉइंट तसाच ठेवला, मागच्या पाइपाचं तोंड त्याच्यातून काढून बंद केलं, आणि मोकळ्या जागेत हवेची डबी तयार झाली. जुना फाटा पूर्ण काढा. पुढच्या दोन चाकांचा एक फाटा, मागच्या अ‍ॅक्सलवरचा एक फाटा, दोघांत काही संबंध नको.

कुठलं आउटलेट पुढच्या चाकांना, कुठलं मागच्या? अंदाजानं जोडू नका, सगळे सिलिंडर सारखे नसतात. सिलिंडरबरोबरचं चित्र बघा. पुढे डिस्क असेल तर मोठी टाकी डिस्कची, कारण पॅड झिजतात तसं कॅलिपरमध्ये ऑइल वाढत जातं.

आटे. जीप आणि अ‍ॅम्बेसेडरच्या जुन्या पाइपांना साधारण ३/८ इंचाचा, इंचाला २४ आटे असलेला नट असतो. नव्या सिलिंडरला बऱ्याचदा १० मिलिमीटर, १ मिलिमीटर पिच. ३/८ म्हणजे साडेनऊ मिलिमीटर, त्यामुळे तो नट १० च्या भोकात शिरतो, दोन-चार आटे धरतो, घट्टही वाटतो, आणि जोरात ब्रेक मारल्यावर आटे सोलून बाहेर येतो. नट बोटानं शेवटपर्यंत फिरला पाहिजे आणि लटपटायला नको. दोन्हींतलं एक जरी नसेल तर अडॅप्टर घ्या. टेफ्लॉन टेप गुंडाळणाऱ्याला माझ्या गाडीला हात लावू देत नाही. इथे गळती आटे थांबवत नाहीत, पाइपाचं फुलवलेलं तोंड थांबवतं. तेही डबल फ्लेअर आहे की बबल फ्लेअर, ते बैठकीशी जुळायला हवं. एकेरी फुलवलेलं तोंड ब्रेकला चालत नाही, चिरतं. एसीच्या कामातला तांब्याचा पाइप स्वस्त आणि वळायला मऊ असतो, पण थरथरीनं कडक होऊन तडकतो. स्टीलचा किंवा तांबे-निकेलचा घ्या.

पाइप सायलेन्सरपासून लांब, चॅसीला क्लिपांनी धरलेला, आणि मध्ये उंटासारखी कुबड नको, तिथे हवा बसते.

रेसिड्युअल व्हॉल्व्ह हा जीपवाल्यांचा खास विषय. आपला सिलिंडर पायाखालच्या पत्र्याच्याही खाली असतो. ड्रमच्या सर्किटला साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह लागतो, त्यानं व्हील सिलिंडरचे (चाकातले छोटे सिलिंडर) कप ताठ राहतात. डिस्कचे कॅलिपर सिलिंडरपेक्षा उंच असतील तर त्यांना २ पीएसआयचा लागतो, नाहीतर ऑइल सिलिंडरकडे उतरतं आणि सकाळचं पहिलं पेडल फळीला जातं. अदलाबदल झाली, म्हणजे १० चा व्हॉल्व्ह डिस्कला लागला, तर पॅड कायम घासतात. नव्या सिलिंडरच्या आत आधीच व्हॉल्व्ह आहे का ते विचारून घ्या. आत एक आणि बाहेर एक असे दोन लागलेली गाडीही मी सोडवलीय.

ब्रेक लाइट: जुना दाबावर चालणारा स्विच एकाच सर्किटमध्ये असतो. ते सर्किट गेलं की दुसऱ्यानं गाडी थांबेल, पण लाइट लागणार नाही. पेडलवर चालणारा साधा स्विच बसवा.

चाक जाम होतंय: कुठे सैल केल्यावर सुटतं?

हा माझा आवडता खेळ, कारण पाना फिरवला की उत्तर मिळतं. गाडी जाम अवस्थेत असतानाच, सपाट जागी, चाकांना ठोकळे लावून करा. आधी सिलिंडर ब्रॅकेटवरून दोन आटे सैल करून थोडा पुढे सरकवा. चाक सुटलं तर दांडी लांब आहे. नाही सुटलं तर सिलिंडरजवळचा पाइपाचा नट जरा सैल करा. आता सुटलं तर परतीचं भोक बुजलंय किंवा व्हॉल्व्ह चुकीचा आहे. तरी नाही? चाकाचा निप्पल उघडा. ऑइल चिरकन उडालं आणि चाक सुटलं तर मधला रबरी होज आतून सुजलाय: दाब आत जाऊ देतो, बाहेर येऊ देत नाही. वरून तो नवाकोरा दिसू शकतो. निप्पल उघडूनही सुटलं नाही तर ऑइलचा दोष नाही. व्हील सिलिंडर गंजून अडकलाय, लायनरची स्प्रिंग तुटलीय किंवा त्या चाकावर हँडब्रेक येत असेल तर त्याची केबल ओढलीय.

होज व्हाइसग्रिपनं आवळून तपासायची पद्धत दिसते. जुना होज त्यानं आतून फाटतो. नका करू.

सिलिंडरचं माप

सगळं बरोबर, तरी पेडल खोल जातं किंवा दगड झालंय, तर बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, बघा. एक इंच बोअरच्या जागी पाऊण इंचाचा बसवला तर तेवढंच ऑइल ढकलायला पिस्टनला १.७८ पट अंतर जावं लागतं. पेडल मऊ, पण खोल. उलट पाऊण इंचाच्या जागी ७/८ चा बसवला तर त्याच दाबासाठी ३६ टक्के जास्त जोर लागतो. बूस्टर नसलेल्या गाडीत हा फरक घाटात मांडीला कळतो. आधीच्या सिलिंडरचं माप लिहून ठेवलं नसेल तर भंगारात द्यायच्या आधी मोजा.

दोन सर्किट खरंच दोन आहेत का

हे करणारा मालक मला अजून भेटला नाही, म्हणून मीच करून दाखवतो. गाडी स्टँडवर, चाकं हवेत. मागच्या एका निप्पलला नळी लावून बाटलीत सोडा आणि निप्पल उघडा ठेवा. आता पेडल दाबा. ते खाली जाईल, बरंच खाली, पण फळीला टेकायच्या आधी पुढची चाकं हातानं फिरणार नाहीत इतकी धरली पाहिजेत. मग निप्पल बंद, हवा काढा, आणि पुढच्या सर्किटला हेच. दोन्हींत कुठेही पेडल आधी फळीला टेकलं तर तुमच्याकडे दोन टाक्यांचं एक सर्किट आहे. दांडीची लांबी, पेडलची चाल किंवा बोअर, यातलं काहीतरी जुळवावं लागेल.

इथे थांबा आणि मिस्त्रीला बोलवा

सिलिंडरच्या नळीत नखाला लागेल असा खड्डा दिसला, तर घासून वापरू नका. नवा घ्या किंवा जाणकाराकडून स्लीव्ह करून (आत नवी नळी बसवून) घ्या. निप्पल किंवा नट पान्यानं गोल झाला, मोडला, तर तो गरम करून काढायचं काम तुमचं नाही. फ्लेअर करायचं हत्यार आणि सवय नसेल तर पाइप माप देऊन करून घ्या. ब्रॅकेट वेल्ड करायचंय किंवा पेडल दाबल्यावर चॅसीजवळ ब्रॅकेट वाकताना दिसतंय, तर हात काढा. तीन वेळा नीट हवा काढूनही पेडल मऊ असेल, गाडी ब्रेकला एका बाजूला ओढत असेल, किंवा एकदा जरी विनाकारण पेडल फळीला गेलं असेल, तर टो करूनच न्या. आणि मिस्त्री निवडताना एकच विचारा: "टीएमसी बेंचवर ब्लीड करता काय?" "काय गरज न्हाई" असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

सगळं जमलं असेल तर पहिली फेरी पहाटे, मोकळ्या सपाट रस्त्यावर, वीसच्या वेगानं. दोन-चार वेळा थांबा, घरी या, सगळे नट परत बघा. पन्हाळा त्यानंतर. उतरल्यावर वाघबिळाला थांबून प्रत्येक ड्रमजवळ तळहाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. डावं-उजवं सारखंच गरम लागलं पाहिजे. रात्री परत वर्तमानपत्र पसरा. मी आठवडाभर रोज पसरतो, घरच्यांनी आता पेपर आधी वाचून घ्यायला सुरुवात केलीय.